सासरे झब्बा सोडणार नाहीत, मग पैसे ठेवायचे कुठे?

प्रश्न : ताई, माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत, सासूबाई ६८ च्या. कार्तिकात दोघं गावातल्या मंडळींबरोबर काशी-प्रयागला निघालेत. इथून एसटीने पुणे, पुढे रेल्वे. नोकरीमुळे आम्हा दोघांना जाता येणार नाही. गेल्या वर्षी स्टँडवर एसटीत चढताना मामंजींच्या झब्ब्यातलं पाकीट गेलं. पैसे फार नव्हते, पण आधार कार्ड गेलं, एटीएम कार्ड गेलं आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं. तेव्हापासून गर्दीत ते सारखे खिसा धरून चालतात. माझ्या मिस्टरांनी त्यांना ऑनलाइन एक सहा चेनची ट्रॅव्हल पँट दाखवली, तर ‘असलं काही मी घालणार नाही’ म्हणून उठून गेले. त्यांना झब्बा-पायजमाच लागतो. सासूबाई सहावारी नेसतात आणि पैशांचं पाकीट ब्लाउजमध्ये ठेवतात. दोघांच्या कपड्यांचं काय करू? आणि मंगळसूत्राचं काय करायचं तेही सांगा.
– एक सून, कराड

उत्तर : मामंजींना पँट घालायचा आग्रह करू नका. आयुष्यभर ज्या कपड्यात माणूस वावरला, त्या कपड्यात त्याचा हात न बघता जिथल्या तिथे जातो. सहा चेनची पँट नव्याने अंगावर चढवली की कुठल्या खिशात काय ठेवलंय हेच आठवत नाही. मग तिकीट तपासनीस समोर आला की एकेक खिसा उघडून बघायचा, आणि शेजारी उभा असलेला माणूस ते सगळं निवांत टिपून ठेवणार. तेव्हा झब्बा-पायजमा तोच राहू द्या. बदलायची आहे ती खिशाची जागा.

त्याआधी गेल्या वर्षी पाकीट कसं गेलं असेल ते बघू, कारण काय शिवायचं हे त्यावरूनच ठरतं. झब्ब्याचा खिसा बाजूच्या शिवणीत असतो. त्याचं तोंड उभं आणि उघडं, पिशवी आत लोंबती. झब्बा सैल असल्यामुळे खिसा अंगाला टेकतच नाही. त्यात पाकीट टाकलं की तो वजनाने खाली ओढला जातो आणि चालताना मांडीवर आपटत राहतो. दिवसभर आपटणारी वस्तू थोड्या वेळाने जाणवेनाशी होते, म्हणून ती आपटायची थांबली तरी लक्षात येत नाही.

आता एसटीचं दार डोळ्यांसमोर आणा. एक हात दांडीला, दुसऱ्या हातात पिशवी, एक पाय पायरीवर आणि मागून रेटा. हे लोक बहुधा एकटे नसतात. एकजण पायरीवरच अडून कंडक्टरला ‘ही गाडी स्वारगेटला जाते का’ विचारत राहतो, दुसरा मागून ढकलतो, तिसरा खिशात हात घालतो आणि पाकीट लगेच चौथ्याकडे जातं. म्हणून संशयाने कुणाला धरलं तरी त्याच्याजवळ काही सापडत नाही. एवढ्या रेट्यात अंगाला कुणाचा हात लागला तर आपण त्याची दखलही घेत नाही, आणि त्यांना तेच हवं असतं. रेल्वेच्या डब्याचं दार, विश्वनाथाच्या गल्ल्या, संध्याकाळची गंगा आरती संपल्यावर दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवरून एकदम वर येणारी गर्दी, इथेही हीच परिस्थिती असते. आणि एक बघून ठेवा, कार्तिकी पौर्णिमेला काशीत देवदिवाळी असते. सगळे घाट दिव्यांनी लखलखतात आणि पाऊल ठेवायला जागा राहत नाही. मंडळींच्या तारखा त्याच दिवशी येत असतील तर संध्याकाळी पैसे आणि कागद अंगावर न ठेवताच बाहेर पडायला सांगा.

मामंजी खिसा धरून चालतात असं तुम्ही लिहिलंय. ही सवय मोडायला हवी, पण त्यांना तसं तोंडावर सांगून नाही. ‘खिसेकापूंपासून सावध’ अशी पाटी दिसली की माणसाचा हात आपोआप खिशावर जातो आणि माल कुठे आहे ते बघणाऱ्याला कळतं. धरण्यासारखं खिशात काही उरलंच नाही की हात आपसूक सुटेल.

म्हणून पायजम्याला आतून चोरखिसा शिवून घ्या. तुमच्या नेहमीच्या शिंप्याला नीट समजावून सांगा, कारण चोरखिसा म्हटलं की बरेच शिंपी आतल्या बाजूला कुठेतरी एक चौकोन मारून देतात. खिसा समोर हवा, नाडीच्या गाठीच्या उजवीकडे, तोंड वरच्या बाजूला आणि नेफ्याला अगदी लागून. म्हणजे नाडी न सोडता झब्ब्याखालून हात आत घातला की बोटं थेट चेनवर जातात. मामंजी डावखुरे असतील तर डावीकडे. तोंड १२ सेंटिमीटर रुंद, खोली १४. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ रुंद असते, एकदा दुमडली की साडेसात सेंटिमीटर होते. एटीएम कार्ड आणि पीव्हीसीचं आधार कार्ड साधारण साडेआठ बाय साडेपाच. एवढ्या खिशात हे सगळं मावतं आणि बोटं फिरायला जागाही राहते. यापेक्षा मोठा करू नका. मोठा खिसा दिसला की माणूस त्यात चष्म्याचं घरही कोंबतो, मग तिथे फुगवटा येतो आणि झब्ब्यावरूनही कळतो.

खिसा चारी बाजूंनी पायजम्यावर शिवू द्यायचा नाही. पांढऱ्या पायजम्यावर शिवणीची चौकट बाहेरून दिसते, आणि कुणी ब्लेड चालवलंच तर कापड आणि खिसा एकदमच फाटतो. वरची कडा नेफ्यात पक्की धरायची, दुहेरी टीप मारून, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना फक्त दोन-दोन टाके, म्हणजे तो हेलकावे खाणार नाही. कापड मांजरपाट घ्या किंवा जाड पॉपलीन. उरलेलं पॉलिस्टरचं अस्तर शिंपी पुढे करेल, ते नको. त्यात घाम जिरत नाही, कातडीला चिकटतं आणि रात्रीच्या प्रवासात मांडीला खाज सुटते. सुती कापड असलं तरी नोटा आणि कार्डं छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच ठेवायची.

चेन नायलॉनची. धातूची चेन पोटाला टोचते, आणि देवळाबाहेर तपासणीच्या दारातून जाताना मशीन वाजलं की पोलीस खिसा उघडायला लावतो, तोही सगळ्या रांगेसमोर. चेन बंद केल्यावर तिचा खटका नाडीच्या गाठीच्या बाजूला यायला हवा, कुशीकडे नाही. खटक्याला दोन इंच नाडीचा तुकडा बांधून ठेवा. या वयात बोटांची पेरं आखडलेली असतात, इवलासा खटका चिमटीत येत नाही, आणि उघडायला त्रास होतो म्हणून माणूस चेन लावायचीच सोडतो. वेल्क्रो मला पसंत नाही. चार धुण्यांत त्यात सुताचे गोळे बसतात आणि पकड जाते. टिचबटण चालेल, पण चेनीच्या जोडीला, चेनीऐवजी नाही.

प्रवासात जेवढे पायजमे नेणार तेवढ्या सगळ्यांना खिसा हवा. एकालाच शिवला तर तो मळल्या दिवशी सगळा बेत फसतो.

दुसरा खिसा मोबाइलचा. झब्ब्याच्या वरच्या खिशात मोबाइल ठेवायची सवय असेल तर ती बंद करायला सांगा. पाया पडायला वाकलं की तो निसटतो, आणि नावेत बसताना वाकलं तर थेट गंगार्पण. त्यांच्यासाठी झब्ब्याच्या आत घालायची बंडी घ्या. खादी भांडारात तयार मिळते, किंवा त्याच शिंप्याकडून शिवून घ्या. कार्तिकात काशीला पहाटे गारवा असतो, तेव्हा बंडीचा त्रासही होणार नाही. बंडीला डाव्या छातीवर आतल्या बाजूने १० सेंटिमीटर रुंद आणि १९ खोल असा खिसा, वर चेन. मोबाइल काढायला झब्ब्याची दोन बटणं सोडावी लागतील, फोन वाजला की धांदल होईल, हे मला दिसतंय. पण चोरालाही तीच दोन बटणं सोडावी लागतील. गर्दीत फोन घ्यायचाच नाही, मोकळ्या जागी गेल्यावर आपण लावायचा, असं घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाका. मुलानेही दर तासाला फोन करून ‘कुठे पोहोचलात’ विचारू नये. काळजीपोटी केलेल्या या फोनमुळेच म्हाताऱ्या माणसाला नको त्या ठिकाणी मोबाइल हातात घ्यावा लागतो.

काशी विश्वनाथाच्या मंदिरात मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे त्या वेळेपुरते मामंजी फोनशिवाय असणार. मंडळींच्या म्होरक्याचा नंबर, धर्मशाळेचा पत्ता आणि तुमचे दोघांचे नंबर मोठ्या अक्षरात एका कार्डावर लिहून एक प्रत चोरखिशात आणि एक झब्ब्यात ठेवा. चुकामूक झाली तर पैशांपेक्षा हे कार्ड आधी कामाला येतं.

मग झब्ब्याच्या बाजूच्या खिशात काय ठेवायचं? रुमाल, जपमाळ, आणि दिवसाला लागतील तेवढे सुटे पैसे. चहा, रिक्षा, नावाडी, दक्षिणा, देवळाबाहेर पुढे आलेला हात, हे सगळं याच खिशातून. चोरखिसा बाहेर उघडायचाच नाही. सकाळी खोलीचं दार लावून त्यातून दिवसाचे पैसे काढायचे, झब्ब्यात टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत तिकडे हात न्यायचा नाही. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर उभं आहे. कितीही भारी चेन लावा, दिवसातून दहा वेळा ज्या खिशात हात जातो तो खिसा दहा वेळा चारचौघांना दाखवलेला असतो. झब्ब्यातल्या पैशांबद्दल मामंजींना आधीच सांगून ठेवा की हे गेले तर गेले, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. गेल्या वर्षीचा सल अजून त्यांच्या मनात आहे. घरच्या माणसाने आधीच असं सांगितलेलं असलं तर त्यांना मोठा आधार वाटेल.

दोन युक्त्या मात्र दोघांनाही समजावून ठेवा. ‘बाबा, तुमचे पैसे पडले’ म्हणून कुणी जमिनीवरच्या दहा-वीसच्या नोटा दाखवतो, माणूस वाकतो आणि बाजूची पिशवी गायब होते. किंवा झब्ब्यावर मागून काहीतरी घाण पडते आणि लगेच एक भला माणूस पुसायला पुढे येतो. दोन्ही वेळी एकच करायचं, न थांबता आपल्या मंडळींपाशी जायचं.

आता सासूबाई. ब्लाउजमधलं पाकीट बायका वर्षानुवर्षं वापरत आल्या आहेत, ते काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण ते छोटं असू द्या आणि त्यात दिवसाचेच पैसे असू द्या. पैसे काढताना पदर सावरायचा, चिल्लर मोजायची, पाकीट परत आत घालायचं, यात प्रत्येक वेळी बघणाऱ्याला वेळ मिळतो. ठेवीचे, म्हणजे रोज न लागणारे पैसे आणि कार्डं कमरेला हवीत. प्रत्येक परकराला खिसा शिवत बसण्यापेक्षा त्यांच्यासाठी एक कसा, म्हणजे कमरेला बांधायची पैशांची पिशवी शिवा, पूर्वी बायका-पुरुष बांधत तशी. हातभर लांब, चार बोटं रुंद अशी मांजरपाटाची पट्टी, मधोमध चेनचा खिसा, दोन्ही टोकांना नाडी. परकरावर बांधायचा, वरून साडी नेसायची. खिसा निऱ्यांपासून दूर, उजव्या कुशीला येऊ द्या, म्हणजे खोलीत पैसे काढताना निऱ्या सुटत नाहीत. बाजारात मिळणारे मनी-बेल्ट प्लास्टिकच्या बकलाचे असतात. ते बकल बसल्यावर पोटात रुततं आणि गर्दीच्या रेट्यात कधी निसटेल याचा भरवसा नसतो. नाडीची गाठ बरी.

खांद्याला पर्स हवीच असेल तर एका खांद्यावर लटकवायची नाही. लांब पट्ट्याची छोटी पर्स गळ्यातून आडवी घालून वरून पदर घ्यायचा, आणि चेनचं तोंड अंगाकडे. पैसे आणि कागद दोघांकडे निम्मे-निम्मे विभागा. एटीएम कार्ड दोघांचं असेल तर एकाचं घरीच राहू द्या. जे कार्ड नेणार त्याची टॅप करून पैसे भरायची सोय बँकेच्या ॲपमधून बंद करा, कारण कार्ड हाती लागलं तर पाच हजारांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो.

रेल्वेत रात्री झब्बा खुंटीला टांगून झोपायची सवय असते. झब्बा टांगा, पण रिकामा. चोरखिशाचा पायजमा आणि बंडी अंगावरच ठेवून झोपायचं. मला सगळ्यात जास्त काळजी स्नानाची वाटते. त्रिवेणीवर माणूस पायजमा काढून पाण्यात उतरला की तुमचा उत्तम शिवलेला चोरखिसा काठावर, नाहीतर नावेत, घडी करून पडलेला असतो. म्हणून स्नानाच्या दिवशी जुने, खिसा नसलेले कपडे घालून जायचं, ठेवीचे पैसे त्या दिवशी मंडळींपैकी मागे थांबणाऱ्याकडे द्यायचे, आणि सगळ्यांनी एकदम पाण्यात उतरायचं नाही.

एवढं करूनही काही गेलंच, तर लावायला म्हणून रेल्वेत १३९ आणि इतरत्र ११२ हे नंबर त्या मोठ्या अक्षरांच्या कार्डावर लिहून ठेवा. कार्ड आणि सिम बंद करण्याचं काम तुमच्या मिस्टरांनी कराडहून करायचं. त्यासाठी कार्डांचे, सिमचे आणि बँकेच्या हेल्पलाइनचे नंबर आजच एका वहीत उतरवा. मोबाइलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की आयएमईआय नंबर दिसतो, तोही लिहून घ्या. चोरीचा फोन बंद करायला तो लागतो.

त्या ऑनलाइन पँटबद्दल. तुमचे मिस्टर स्वतःसाठी घेणार असतील तर जरूर घ्या, पण खिसे किती आहेत ते मोजू नका, खोली बघा. पुढच्या खिशात हात मनगटापर्यंत जायला हवा. पँट घालून स्टुलावर बसून बघा, तिरक्या खिशातून मोबाइल बाहेर सरकत असेल तर ती प्रवासाची पँट नव्हे. मांडीवरचे कार्गो खिसे पाण्याच्या बाटलीला ठीक, पैशाला नाहीत. ते अंगापासून सुटलेले असतात, आणि शेजारी उभ्या असलेल्याचा हात नेमका तिथेच लोंबतो. मागचा खिसा तर रिकामाच असू द्या. कार्ड दुरून वाचता येऊ नये म्हणून रेडिओ लहरी अडवणारं अस्तर, ब्लेडने न कापणारी जाळी यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

मामंजींना हे पटवायचं कसं, तेही सांगते. खिसा शिवून आणून त्यांच्या हातात देऊ नका. त्यांना शिंप्याकडे घेऊन जा आणि खिसा कुठे हवा, चेन कुठल्या बाजूने उघडायला हवी हे त्यांनाच शिंप्याला सांगू दे. आपलं पाकीट आपल्याला सांभाळता आलं नाही असं ज्या माणसाला वाटतंय, त्याच्यासमोर सुनेने आणि मुलाने परस्पर ठरवलेला कपडा टाकला तर तो उठूनच जाणार. निघण्याआधी आठवडाभर तोच पायजमा घालून मंडईत जाऊ द्या. कुठे टोचतंय, हात कुठे अडतोय हे कराडात कळलं तर दुरुस्त करता येईल.

कापड शिंप्याला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. कोरं मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतं आणि खिसा आखडून चेन वाकडी होते.

मंगळसूत्राचं मी सासूबाईंवर सोडेन. सोन्याचं घरी ठेवून काळ्या मण्यांची साधी पोत घालायला त्या तयार असतील तर उत्तम. मात्र खोटं सोनं घालून पाठवू नका. ओढणाऱ्याला ते खोटं आहे हे माहीत नसतं आणि हिसक्याने गळ्याला इजा व्हायची ती होतेच. काढायला मन धजत नसेल तर जबरदस्ती नको. आखूड पोत ब्लाउजच्या आत आणि दोन्ही खांद्यांवरून पदर, एवढं पुरे. पाटल्यांबद्दल मात्र मी आग्रहच धरते, त्या कपाटात राहू द्या. एसटीत चढताना दांडी धरायला हात वर गेला की पाटली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते, आणि गर्दीत ती कटरने कापून नेतात. काचेच्या बांगड्या भरून पाठवा.